लोकल लेव्हल कमिटीचं पालकत्व प्रमाणपत्र: कागद पक्का, खिडकी कच्ची

दिव्यांग मूलही अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान. त्याला पैसे मोजता येवोत न येवोत, 'नैसर्गिक पालक' म्हणून आईवडिलांचा जो सहीचा हक्क होता, तो त्या दिवशी कागदावर संपतो. बहुतेक घरांना ही गोष्ट कळते ती बँकेत. अज्ञान खात्याचं सज्ञान खातं करायला नवे फॉर्म, नवा नमुना सहीचा. मुलगा सही करू शकत नाही आणि आईची चालत नाही. खात्यात पैसे दिसतात, काढता येत नाहीत.

या अडचणीवर देशात सगळ्यात स्वस्त आणि सुटसुटीत सेवा आहे ती राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालच्या लोकल लेव्हल कमिटीची. मराठीत तिला 'स्थानिक स्तर समिती' म्हणतात, पण जिल्हाधिकारी कार्यालयात 'एलएलसी' म्हटलं तरच पटकन कळतं. सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. कोर्टाची पायरी नाही, वकील लागत नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो: प्रमाणपत्राला पाचपैकी चार, ते मिळवण्याच्या प्रक्रियेला तीन, आणि मिळाल्यानंतरच्या देखरेखीला जेमतेम एक.

कोणाला मिळतं, कोणाला नाही

पहिली गफलत इथेच होते. हा कायदा फक्त चार गटांसाठी आहे: स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. स्मृतिभ्रंश झालेले वडील, पक्षाघातानंतर भान हरपलेली आई, स्किझोफ्रेनिया असलेला भाऊ या कोणासाठीही समिती पालक नेमू शकत नाही. तरी असे अर्ज येतात, आवक क्रमांकही पडतो आणि काही महिन्यांनी 'अधिकारकक्षेबाहेर' असा शेरा मारून फाईल परत येते. तेवढा वेळ वाया.

मानसिक आजारासाठी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, पण त्यातला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' उपचारांपुरता. बँकेत त्याला कोणी विचारत नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती, ती नव्या कायद्यात आली नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' आहे. ते ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक मुदतीसाठी, आणि तेही जिल्हा न्यायालय किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून. कोमातल्या माणसाचा प्रश्न तर थेट उच्च न्यायालयात जातो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या.

आणि मुखत्यारपत्र? 'बाबांनी आधीच करून ठेवलंय' असं समाधानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी. स्मृतिभ्रंशाची चाहूल लागली असेल तर भान असतानाच 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचं संयुक्त खातं करून पेन्शन त्यात वळवणं जास्त उपयोगी.

अर्ज: कुठे अडतो

अर्ज फॉर्म ए मध्ये, व्यक्ती जिथे राहते त्या जिल्ह्याच्या समितीकडे. राष्ट्रीय न्यासाच्या, म्हणजे या कायद्याखालच्या केंद्रीय संस्थेच्या, संकेतस्थळावर तो ऑनलाईनही भरता येतो, पण पोर्टलवर 'सबमिटेड' दिसलं म्हणजे जिल्ह्यात कोणी तो उघडला असं नाही. छापील प्रत आणि झेरॉक्सचा एक संच जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. समितीचं काम प्रत्यक्षात कोणत्या टेबलावर चालतं ते जिल्ह्यागणिक बदलतं. कुठे समाजकल्याण, कुठे समितीवरची नोंदणीकृत संस्थाच कागद सांभाळते. ही संस्था आधी शोधली तर निम्मं काम हलकं होतं.

समितीत तिघं असतात: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कायद्यानुसार तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायला हवी. बैठक पुढे ढकलण्याचं कारण बहुधा एकच असतं, साहेबांना वेळ नाही. निवडणुका, पूर, अधिवेशन यांपैकी काहीही आलं की पालकत्वाची फाईल खाली जाते. म्हणून अर्ज अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या तयारीनेच कागद जमवायला घ्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशव्यापी ओळखपत्र) तर कितीतरी आधी. कार्डाला मुदत असेल तर ती संपत आली आहे का तेही बघा.

सर्वात जास्त फाईली अडकतात त्या नावावर. जन्मदाखल्यावर 'सुनील', आधारवर 'सुनिल', युडीआयडीवर वडिलांचं नाव गाळलेलं, पासबुकात आडनाव आधी. माणसाला हे एकच नाव वाटतं, संगणकाला तीन माणसं दिसतात. अर्ज देण्यापूर्वी आधार, युडीआयडी आणि पासबुक या तिन्हींवर एकाच वर्णक्रमाचं नाव करून घ्या. समितीच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापून येईल ते पुढे दर खिडकीवर आधारशी ताडून बघितलं जाणार आहे.

दुसरा रकाना लोक एका ओळीत उरकतात: पालक कशासाठी हवा. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ नुसार समितीने दोन गोष्टी बघायच्या असतात, या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कामांसाठी आहे. तिथे 'काळजी घेण्यासाठी' एवढंच लिहिलं तर प्रमाणपत्राचा आदेशही तसाच मोघम येतो आणि बँक म्हणते, 'यात खातं चालवायचं कुठे लिहिलंय?' त्यापेक्षा असं लिहा: 'बचत खातं उघडणं व चालवणं, फॅमिली पेन्शन व शासकीय अनुदान स्वीकारणं, आरोग्यविम्याचे दावे करणं, वैद्यकीय उपचारांना संमती देणं, राहण्याची व्यवस्था करणं.' लिहायला दोन मिनिटं, पण पुढचे दोन हेलपाटे वाचतात.

अर्ज साधारणपणे आईवडिलांनी मिळून करायचा. एक हयात नसेल, घटस्फोट झाला असेल तर एकट्याने, कारण लिहून. आईवडील नसतील तर भावंडं, मग इतर नातेवाईक, मग नोंदणीकृत संस्था. भावंडांचं ना हरकत पत्र फॉर्मच्या यादीत दिसो न दिसो, जोडाच. घरात जमिनीची वाटणी व्हायची असेल तर समिती ते मागतेच, आणि मागावं हे योग्यही आहे.

मुलीच्या बाबतीत एक नियम फार जणांना ठाऊक नसतो. दिव्यांग व्यक्ती स्त्री असेल तर एकटा पुरुष पालक होऊ शकत नाही. पुरुषाला पत्नीसह सहपालक म्हणून नेमलं जातं आणि त्यातली मुख्य पालक पत्नी असते. म्हणजे अविवाहित किंवा विधुर भाऊ बहिणीचा एकट्याने पालक होऊ शकत नाही. घरात दुसरी बहीण, मावशी, आत्या कोणी असेल तर तिच्या नावाने अर्ज करा. हे बैठकीच्या दिवशी कळलं तर तीन महिने गेलेच.

बँकेची खिडकी

प्रमाणपत्र हातात येतं आणि खरी परीक्षा सुरू होते. काउंटरवरचा संवाद सगळीकडे ठरलेला: कागद उलटसुलट बघितला जातो, 'हे कोर्टाचं नाही ना?' असं विचारलं जातं, मग 'लीगलला पाठवतो'.

याला औषध आहे. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे की राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीने दिलेलं पालकत्व प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरावं. ही सूचना पुढे ग्राहकसेवेच्या मास्टर सर्क्युलरमध्येही आली. या सूचनेची प्रिंट प्रमाणपत्राच्या झेरॉक्सला टाचून द्या. तोंडी वाद घालू नका, शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज लिहून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. नकार लेखी मागितला की 'लीगल'कडे गेलेला कागद बहुधा परत फिरतो. नाहीच फिरला तर बँकेचा नोडल अधिकारी आणि तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

खातं मुलाच्या नावाचंच हवं, चालवणारा म्हणून पालकाचं नाव. आईच्या खात्यात अनुदान घेऊन तिथूनच खर्च करणं सोपं वाटतं, पण मग मुलाचा पैसा कुठला आणि घरचा कुठला हे दोन वर्षांनी आईलाही सांगता येत नाही. एटीएम कार्ड बँक देईल न देईल. दिलं तरी वापर कमी ठेवा. रोख काढलेल्या रकमेचा हिशेब राहत नाही, औषधवाल्याला केलेल्या यूपीआयचा आपोआप राहतो.

स्थावर मालमत्ता विकायची असेल तर मात्र या प्रमाणपत्राच्या भरवशावर इसार घेऊ नका. मुलाच्या हिश्श्याची जमीन किंवा फ्लॅट विकण्यासाठी आधी वकिलाला विचारून न्यायालयाची परवानगी घेणंच शहाणपणाचं.

फॅमिली पेन्शन: जिथे हा कागद कदाचित लागतही नाही

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मुलाला मानसिक किंवा शारीरिक अक्षमतेमुळे स्वतःचं पोट भरता येत नसेल तर त्याला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळते. मानसिक अक्षमता असेल तर ती पालकामार्फत द्यायची. हा पालक कोण हे कर्मचारी, पेन्शनर किंवा त्याचा जोडीदार आपल्या हयातीत नामनिर्देशन करून ठरवू शकतो. असं नामनिर्देशन असेल तर कोर्टाचं प्रमाणपत्र मागायचं नाही, असं निवृत्तिवेतन विभागाने बँकांना बजावलं आहे. नामनिर्देशन नसेल तर वरच्या चार गटांसाठी समितीचं प्रमाणपत्र चालतं.

त्यामुळे आईवडील दोघंही हयात असलेल्या घरात पहिलं काम पालकत्वाचं नव्हे, पीपीओचं, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचं. मुलाचं नाव पीपीओवर चढवून घ्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि पालकाचं नामनिर्देशन जोडून अर्ज शेवटच्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे करायचा असतो, बँकेकडे नाही. बँकेत देऊन वाट बघणारे बरेच आहेत. हे काम वडिलांच्या मृत्यूनंतर करायचं म्हटलं तर पंचवीस वर्षांपूर्वीची सेवापुस्तिका शोधण्यापासून सुरुवात होते. राज्य शासनाचे कर्मचारी महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांखाली येतात, त्यांनी कोषागारात चौकशी करावी.

मुलाच्या नावे मोठमोठ्या ठेवी ठेवणाऱ्यांनी एक हिशेब करावा. फेब्रुवारी २०२१ पासून निकष असा आहे की मुलाचं इतर मार्गाने येणारं उत्पन्न साध्या दराच्या फॅमिली पेन्शनपेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई भत्ता यापेक्षा, कमी हवं. तीस लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला २ लाख १० हजार व्याज, म्हणजे महिना साडेसतरा हजार. फॅमिली पेन्शनची किमान मूळ रक्कम ९,००० आहे. कमी पगारावर निवृत्त झालेल्याच्या घरी नुसतं व्याजच पेन्शन घालवू शकतं. प्रेमापोटी केलेली ठेव आणि तिनेच बंद पाडलेली पेन्शन, हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही.

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात, पालकाच्या सहीने. त्याच वेळी मूल अजून कमवत नाही हेही लिहून द्यायचं. तात्पुरतं दिव्यांगत्व प्रमाणपत्र असेल तर पाच वर्षांनी नवं, कायमस्वरूपी असेल तर पुन्हा नको. पुन्हा मागितलं तर नियम दाखवा.

संजय गांधी निराधार अनुदान

पेन्शनचा आधार नसलेल्या घरांसाठी तहसील कार्यालयातली ही योजना. किमान ४० टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्य, आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. रक्कम महिना १,५०० होती, दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली.

आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि इथेच घोळ होतो. आधार शेवटी ज्या बँकेत जोडलं, पैसे तिकडे जातात. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला याला अर्थ नाही. कोणीतरी कॅम्पमध्ये मुलाचं शून्य शिलकीचं खातं उघडून आधार जोडतं आणि अनुदान 'बंद' होतं. ते बंद झालेलं नसतं, दुसऱ्या बँकेत साचत असतं. तहसीलला खेपा घालण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बोटांचे ठसे उमटत नसतील किंवा मोबाईल क्रमांक जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्र गाठा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

आणि फॅमिली पेन्शन सुरू झाली की तहसीलला त्याच महिन्यात लेखी कळवा. किमान पेन्शन धरली तरी वर्षाला १ लाख ८ हजार होतात, ५० हजारांची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. दोन्ही चालू ठेवलं तर वसुली निघते, आणि नोटीस पालकाच्या नावाने येते.

न्यासाची 'निरामय' विमा योजना इथे एवढ्यासाठीच नोंदवतो की ती याच चार गटांना, आजार आधीपासून असला तरी, वैद्यकीय तपासणीशिवाय एक लाखापर्यंत संरक्षण देते. थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्चही त्यात बसतात, पण प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा आहे. वर्ष एप्रिल ते मार्च. नूतनीकरण मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर दावा उभाच राहत नाही.

हिशेब: ज्याबद्दल कोणी विचारत नाही

देखरेखीला एक गुण का दिला ते आता. राष्ट्रीय न्यास कायद्याचं कलम १६ सांगतं की नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकाने मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी द्यावी, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, जमाखर्च सादर करावा. बहुतेक पालकांना हे कोणी सांगतच नाही. जे देतात त्यांच्या कागदावर आवकचा शिक्का पडतो आणि तो गठ्ठ्यात जातो. वाचून प्रश्न विचारला गेला, असं क्वचितच घडतं.

तरीही द्या. कलम १७ खाली पालकाने दुर्लक्ष केलं किंवा पैशांचा गैरवापर केला अशी तक्रार नातेवाईक करू शकतात, समिती चौकशी पथक पाठवू शकते आणि पालकाला काढूही शकते. त्या दिवशी शिक्का मारलेल्या प्रती हेच पालकाचं म्हणणं. शंभर पानी वही पुरते. एका महिन्याचं पान असं:

एप्रिल. जमा: फॅमिली पेन्शन १८,४००. खर्च: मदतनीस ९,०००, औषधं २,३५०, डायपर १,९००, जेवणाचा वाटा ३,०००. एकूण १६,२५०. शिल्लक २,१५०, खात्यातच.

जेवणाच्या वाट्यावर लोक अडखळतात: घरच्या मुलाकडून जेवणाचे पैसे घ्यायचे का? घ्यायला हरकत नाही, पण दर महिन्याला तीच रक्कम आणि ती कशी काढली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं हवं. घरात चार माणसं, किराणा-भाजी बारा हजार, वाटा तीन. एवढं लिहिलं की वाद राहत नाही. 'घरखर्च ८,०००' अशी गोल नोंद मात्र चौकशीत पहिली लाल होते. शिल्लक वाढत गेली तर ती मुलाच्या नावे ठेवीत टाका, वरचा व्याजाचा हिशेब ध्यानात ठेवून.

या सेवेतली खरी उणीव शेवटची आहे. पालक वारला की प्रमाणपत्र त्याच्याबरोबर संपतं. पुढचा पालक आपोआप होत नाही. पुन्हा फॉर्म ए, पुन्हा बैठकीची वाट, आणि तोवर खातं गोठलेलं. सत्तरीतल्या आईवडिलांनी दोघांच्याच नावाने घेतलेलं प्रमाणपत्र त्यामुळे अर्धवट सोय ठरते. धाकटी बहीण, पुतण्या, जो कोणी पुढे करणार आहे त्याला आजच विचारा आणि त्याची लेखी संमती, ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा फाईलच्या मागच्या खिशात ठेवा. मृत्यूचा दाखला मिळाला की त्याच आठवड्यात नवा अर्ज आत जायला हवा. दोन महिन्यांच्या मदतनिसाच्या पगाराएवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवतो आपण अडीअडचणीला, इथे सहा महिन्यांचे ठेवा.